हद्दीतात्या आणि चांदसूर्याचा धोंडा

इंदापुरात हद्दीतात्यांना कुणी वय विचारलं तर ते जराही न अडखळता सांगायचे, "चारशे तरी धरा." आणि बोलायचेही तसंच. "आमी आदिलशाहीत व्हतो तवा..." अशी त्यांची सुरुवात असायची. ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस काल संध्याकाळीच विजापूरच्या एखाद्या स्वाराला पाणी पाजून घरी आलाय आणि अजून त्याचे पाय धुवायचे राहिलेत. निजामशाहीनं 'आमच्याकडनं' जकात घेतली, मोगलांनी 'आमच्या' विहिरी उपसल्या, पेशवाईत 'आमी' घोड्यांना हरभरा पुरवला. इंग्रज आला तेव्हा मात्र 'आमी' गप बसलो होतो, आणि त्याचं तात्यांना अजून वाईट वाटायचं.

मी बारामतीची. आणि त्या काळातली बारामतीची मुलगी म्हणजे नाकाचा शेंडा जरा वरच. आमच्याकडं रेल्वे, आमच्याकडं कालव्याचं पाणी, आमच्याकडं गूळ आणि पेठ. एकोणीसशे पन्नासच्या दशकात इंदापूरच्या मुलींच्या शाळेत मला पहिली नोकरी लागली तेव्हा मी आईला म्हटलं होतं, की तिथं कचेरी आणि धूळ सोडून आहे काय? त्यात मला चौथीचा वर्ग मिळाला आणि विषय मिळाला इतिहास, ज्याच्या तासाला मी स्वतः शाळेत असताना सरळ झोपा काढल्या होत्या. पहिलाच धडा 'आपला गाव', आणि त्याला पुस्तकच नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, पुस्तक कशाला हवं, हद्दीतात्यांना गाठा.

हे तात्या मोजणीखात्यात साखळी धरणारे होते. तेहतीस फुटांची लोखंडी साखळी ओढत त्यांनी तीस वर्षं बारामतीपासून भीमेच्या काठापर्यंत सगळं रान पायाखाली घातलं होतं. निवृत्त होऊन कचेरीमागच्या दोन खणांच्या घरात एकटेच राहायचे. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. घरात एक खाट, एक चूल आणि सुतळीनं बांधलेली कागदांची थप्पी. जुन्या नकाशांच्या कोऱ्या पाठींवर त्यांनी बोरूनं इंदापूरचा इतिहास लिहिला होता. दर गणपतीत ते त्यातली चार पानं चौकात वाचायचे, आणि मी मी म्हणणारी माणसं मांडी घालून ऐकायची.

मी गेले तेव्हा त्यांनी मला बसा म्हटलं नाही, चहा विचारला नाही. "बाई, इतिहास बसून कळत न्हाय, चप्पल घाला," एवढंच म्हणाले आणि चालायला लागले. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातल्या चाळीस मुली त्यांच्यामागं, आणि चाळिसांच्या मागं मी, अशी आमची वरात भर बाजारातून निघाली. मला इतकी लाज वाटत होती की सांगायची सोय नाही. अर्ध्या तासानं मात्र मी पोरींना ढकलून पुढं गेले होते, कारण मागं नीट ऐकू येत नव्हतं!

काय सांगायचा तो माणूस! म्हणायचे, आपलं गाव म्हणजे दोन घरांमधली भिंत. इकडच्या घरात भांडण झालं की पोपडे आपले पडणार, तिकडच्या घरात झालं तरी आपलेच. एका बाजूला नगरची निजामशाही, दुसऱ्या बाजूला विजापूरची आदिलशाही, आणि गावच्या माणसांना रोज सकाळी उठून विचारावं लागायचं, की आज आपण कुणाचे? एका शेतकऱ्याचं घर एका राज्यात आणि गोठा दुसऱ्या राज्यात होता, त्यामुळं त्याच्या म्हशीला दूध द्यायला परराज्यात जावं लागायचं, असं ते अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचे. पोरी खिदळायच्या. मग मोगल आले, त्यांची छावणी भीमेच्या अंगाला पडली आणि हत्तींनी आठवड्यात ओढे कोरडे केले. छावणी कशाकरता हितं, असं ते विचारायचे आणि उत्तरही तेच द्यायचे. पाण्याकरता. प्रत्येक फौज पाण्याकरता आली आणि पाणी पिऊन गेली. पुढं इंग्रजांचं राज्य आलं, तरी भीमा ओलांडून दोन दिवसांची मजल मारली की हैदराबादच्या निजामाची मोगलाई लागायची. तिथला पैसा वेगळा, शिपाई वेगळा.

ही मोगलाई मी यायच्या आधीच संपली होती; पुढं राज्यांची फेररचना होऊन तो मुलूखही आपल्याच राज्यात आला, तेव्हा मी इंदापुरातच होते. पेपर घेऊन तात्या शाळेत धावत आले. धाप लागलेली, पागोटं हातात. वर्ग चालू होता, तरी सरळ आत शिरले. म्हणाले, "पोरींनो, चारशे वर्सं आपलं गाव शिवंवर व्हतं. आजपासून ते मधी आलं." आणि डोळ्यांतून पाणी काढलं. मी फळ्याकडं तोंड करून उभी राहिले, कारण माझीही तीच गत झाली होती. इतिहासाच्या तासाला झोपणारी मी!

आमच्या प्रत्येक फेरीचा शेवट चांदसूर्याच्या धोंड्यापाशी व्हायचा. सोलापूरच्या रस्त्याला, गावाच्या पूर्वेच्या टोकाला एक कडुलिंब होता आणि त्याच्या बुंध्याशी हा कमरेएवढा धोंडा. वर चंद्र आणि सूर्य कोरलेले, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत ही हद्द टिकेल. त्याला शेंदूर फासलेला, बाया दर अमावास्येला नारळ फोडायच्या. तिथं आलं की तात्या धोतराचा सोगा धरून, उंबरा ओलांडावा तसा पाय उंच उचलून पलीकडं टाकायचे. "हितं एक राज्य सपलं, हितं दुसरं लागलं." मग चाळीस पोरी एकामागून एक पाय उचलून परराज्यात जायच्या. बाजारात निघालेली मोठी माणसंसुद्धा तिथं सवयीनं पाय उचलायला लागली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

धोंड्याच्या पलीकडं रस्त्याच्या कडेनं तीस-एक घरांची वस्ती होती. सगळी भाजी पिकवणारी माणसं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावर आणि उन्हाळ्यात देवाच्या भरवशावर मेथी, कोथिंबीर, वांगी काढायची आणि बाजारात आणून विकायची. तिथली गुणाबाई माझी भाजीवाली. उंचीपुरी, कासोट्याचं लुगडं, आवाज असा की तिनं पेठेत मेथी म्हटलं की कचेरीत साहेबाला कळावं. प्यायच्या पाण्याला ह्या बायका पहाटेपासून पाऊण मैलावरच्या विहिरीवर जायच्या. डोक्यावर दोन, कडेवर एक. त्या वर्षी गावात नळ आणायचं ठरलं आणि वस्तीत दिवाळी आल्यासारखं झालं. गुणाबाईनं तर नळाखाली ठेवायला नवी घागर घेऊन ठेवली.

आणि मग कळलं, की नळ गावाच्या हद्दीपुरताच. हद्द कुठली, तर जुन्या कागदात लिहिलं होतं, 'पूर्वेस चांदसूर्याच्या धोंड्यापर्यंत'. ना किती फूट, ना किती साखळ्या. नकाशात धोंडा म्हणून एक ठिपका, बस. पाणीकमिटीचे प्रमुख आबा भला माणूस, पण तेही काय करणार? धोंडा कडुलिंबाखाली, वस्ती त्याच्या पलीकडं. पाइप कडुलिंबाशी थांबणार.

गुणाबाई तडक तात्यांच्या घरी आली. मी तिथंच होते, मोगलांची पानं उतरवून घेत होते. ती म्हणाली, तात्या, गावाची शीव तुमच्याएवढी कुणाला ठावं न्हाय. चारशे वर्सांत कवातरी आमची वस्ती गावात आसंल की. तेवढं एक पान हुडका. मला वाटलं, आता तात्यांची रसवंती सुरू होणार. पण ज्या माणसाला मी कधी दोन मिनिटं गप बसलेलं पाहिलं नव्हतं, तो खाली मान घालून बसला. गुणाबाई वाट बघून बघून निघून गेली. मला मनातून त्यांचा राग आला. म्हटलं, फौजांच्या गप्पा मारायला जीभ चालते आणि तीस घरांच्या पाण्याला चालत नाही होय!

चार दिवस ते शाळेकडं फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, धोंडा खोट्या जागी उभा हाय. मीच हलवलाय त्यो."

झालं होतं असं. तीसएक वर्षांपूर्वी तो रस्ता रुंद करायचं काम निघालं. धोंडा तेव्हा बराच पूर्वेला, एका बांधापाशी होता. खडी फोडणाऱ्यांनी त्याला सुरुंग लावायचं ठरवलं. जवान तात्यांना ते सोसेना. त्यांनी चार गडी आणि एक बैलगाडी आणली, धोंडा उचलला आणि गावाच्या बाजूला कडुलिंबाखाली आणून ठेवला. गाडीमागं चालत पावलं मोजली, दोनशे चाळीस. काम संपलं की परत नेऊन ठेवू, असा सरळ विचार. पण आठवड्यात त्यांची बदली झाली ती दूर कोकणात. सहा वर्षांनी परत येऊन बघतात, तर धोंड्याला शेंदूर! कुणाच्या तरी पोराचा ताप त्याच्यापुढं नारळ फोडून उतरला होता आणि धोंड्याचा देव झाला होता. आता देवाला कोण हात लावणार? तात्यांनी स्वतःची समजूत घातली, की पलीकडं सगळं माळरानच आहे, कुणाचं काय अडतंय. पुढं तिथं वस्ती झाली, तरी ते गप राहिले. आणि दर फेरीला पाय उचलत राहिले.

मी त्यांना फाडफाड बोलले. वडिलांच्या वयाच्या माणसाला बोलू नये तेवढं बोलले. माझ्या चाळीस पोरींना तुम्ही खोट्या जागी उड्या मारायला लावल्यात, असंही म्हटलं.  सगळं ऐकून घेऊन तात्या म्हणाले, की आता आबांकडं जायचंय, बरोबर चला.

पण आबांना ते पटेना, आणि त्यांचं तरी काय चुकलं? तात्यांच्याच इतिहासात स्वच्छ लिहिलेलं, की हद्द कडुलिंबाशी. दहा गणपतीत चौकात वाचलेलं. आता पाणी यायच्या वेळेला तात्या म्हणतात ते खोटं होतं, तर लोक म्हणणारच की म्हाताऱ्याला वस्तीचा कळवळा आला. धोंडा ओढणारे चौघे गडी केव्हाच वारलेले. साक्षीला कोण? तेव्हा तात्या म्हणाले, "साक्षीला मी माती घेतो डोक्यावर. शीव चालून दावतो."

ही फार जुनी रीत. दोन गावांत शिवेचं भांडण झालं की एका माणसानं आंघोळ करून, ओलेत्यानं, अनवाणी, डोक्यावर शिवेच्या मातीचं ढेकूळ घेऊन हद्द चालून दाखवायची. ढेकूळ मध्येच खाली ठेवलं तर त्याला पुन्हा उचलता येत नाही. आणि चालल्यावर पंधरा दिवस सगळ्यांनी वाट बघायची. तेवढ्यात त्याच्या घरात आजारपण किंवा मौत झाली, तर तो खोटं चालला. आबा म्हणाले, तात्या, आता स्वराज्य आलंय, ढेकळावर पाइप कसा टाकू? तेव्हा तात्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. जुने लोक हद्दीचा धोंडा रोवताना त्याच्याखाली कोळसे आणि खापऱ्या पुरायचे, कारण कोळसा सडत नाही की कुजत नाही. त्यांनी धोंडा काढला, पण खालची खूण त्यांनी हलवलेली नव्हती. "मी चालतो, थांबीन तितं खांदून बघा. न्हाय घावलं तर माझं समदं कागद चुलीत घाला." ह्याला मात्र आबा तयार झाले.

त्या सकाळी कडुलिंबाखाली निम्मं इंदापूर लोटलं होतं. शाळेला मोठ्या बाईंनी आपण होऊन सुट्टी दिली. तात्या आले, अंगावरून पाणी निथळतंय, डोक्यावर घोंगड्याची घडी, तिच्यावर ढेकूळ. धोंड्याला हात जोडले आणि पूर्वेला चालायला लागले. एक, दोन, तीन. सगळी माणसं मनातल्या मनात मोजत होती. शंभर झाले, दोनशे झाले.  दोनशे चाळिसाव्या पावलाला तात्या थांबले ते नेमके गुणाबाईच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात. वस्तीच्या पोरांनी तिची हिरवीगार कोथिंबीर उचकटून खांदायला घेतलं. गुडघाभर खांदलं, कमरेएवढं खांदलं. निव्वळ पिवळा मुरूम.

कुणीतरी मागं हसलं. तात्यांनी ढेकूळ उतरवून खाली ठेवलं आणि मटकन बसले.  आबा हळूच म्हणाले, राहू द्या तात्या, ह्या वयात चुकतं माणूस. मला ते हसणं ऐकवेना. ज्याला मी चार दिवसांपूर्वी वाट्टेल ते बोलले होते, त्याच्या बाजूनं कुणाशीही भांडायला मी पदर खोचला होता, पण भांडायचं कशावरून तेच कळत नव्हतं.

तेवढ्यात गुणाबाई पुढं आली. उपटलेल्या कोथिंबिरीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "तात्या, तवा तुमी जवान व्हता. बैलांच्या मागं चालला व्हता. आता तुमचं पाऊल केवढं पडतंय, ते बघितलंय का?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! पाइप मोजायला कमिटीनं साखळी आणलेलीच होती. मी ती रस्त्यावर सरळ अंथरायला लावली आणि विचारलं, तात्या, नोकरीत असताना एका साखळीला तुमची पावलं किती पडायची? ते झोपेतून उठल्यासारखे म्हणाले, बारा. साऱ्या खात्याला ठावं व्हतं. म्हटलं, आता चाला. ते चालले. सोळा पडली! मी तिथंच मातीत काडीनं गणित मांडलं. तेव्हाची दोनशे चाळीस म्हणजे वीस साखळ्या. आजची दोनशे चाळीस म्हणजे पंधराच. पाच साखळ्या अजून जायचंय, म्हणजे तात्यांची आजची ऐंशी पावलं. आबांनी ते गणित दोनदा तपासलं आणि मान हलवली.

पण ढेकूळ? तात्यांनी उतरवलेलं, म्हणजे त्यांचा हक्क गेला. गुणाबाई उचलायला वाकली, तर म्हाताऱ्या माणसांनी अडवलं, की हिला पाणी हवंय, हिची साक्ष कशी चालेल? गावातल्या कुणी उचलावं, तर तोही एका बाजूचाच. तेव्हा तात्यांनी माझ्याकडं बोट केलं. म्हणाले, ही बाई बारामतीची. हिला हितलं पाणी न्हाय, हितली जमीन न्हाय. आमच्याकडं दोन राज्यांचं भांडण लागलं की तिसरीकडचाच माणूस आणायचे.

मी! जिनं जन्मात डोक्यावर कळशी घेतली नव्हती! कुणीतरी माझ्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं, गुणाबाईनं चुंबळ करून डोक्यावर ठेवली, तिच्यावर ते ढेकूळ. आधी वाटलं मानच मोडते. शेजारून तात्या पावलं मोजत चालले होते आणि मी डोळे समोर ठेवून, दोन्ही हातांनी चारशे वर्षं धरून, त्यांच्या पावलाला पाऊल लावत होते. मातीचे कण गालावरून ओघळत होते. भीती वाटत होती आणि ओरडावंसंही वाटत होतं. मागं एवढी माणसं, पण चपलेचा आवाज नाही. वस्तीचं शेवटचं घर मागं पडलं. ऐंशीला आम्ही एका मोडक्या बांधाच्या कडेला उभे होतो.

पोरांनी कुदळ मारली. मी ढेकूळ डोक्यावर घेऊन तशीच उभी. मांडीएवढा खड्डा झाला आणि माती काळी यायला लागली. मग खापरीचा तुकडा, मग दुसरा, आणि मग मूठमूठ कोळसा, कालच विझवल्यासारखा ठणठणीत. एवढा गलका झाला की कडुलिंबावरचे पोपट उडाले म्हणतात. तात्यांनी खड्ड्यात उतरून तो कोळसा चिमटीत घेतला आणि बुक्क्यासारखा कपाळाला लावला. आबांनी तिथल्या तिथं कागदावर लिहून सही केली, की वस्ती गावात आहे.

खरं तर गोष्ट इथं संपायला हवी होती. कमिटीला कोळसा पुरला, सगळ्या गावाला पुरला. तात्यांना पुरला नाही. ते म्हणाले, पंधरा दिवस सरू द्या. आता चाललो आम्ही दोघं, म्हणजे पंधरा दिवस माझेही. बाजारात बाया माझा चेहरा निरखून बघायच्या. मला शिंकायची चोरी झाली. आईला बारामतीत बातमी लागली, तिचं पत्र आलं, की मास्तरीण करायला पाठवलं होतं, ढेकळं वाहायला नाही. सुरुवातीला मला ह्या सगळ्याची मजाच वाटत होती.

आठव्या दिवशी संध्याकाळी मी तात्यांकडं गेले तर दार लोटलेलं. आत ते खाटेवर, अंगात फणफणून ताप, आणि उपरण्याचा बोळा तोंडात. खोकल्याची उबळ आली की बोळा दातांत दाबायचे आणि सगळं अंग धनुष्यासारखं वाकायचं, पण आवाज बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. मी म्हटलं, मी आत्ता डॉक्टरला आणते. त्यांनी माझा हात धरला. दारात डॉक्टरची बॅग दिसली की गल्लीला कळेल. मी चिडले, म्हटलं, कोळसा सापडलाय, सही झालीय, आता कोण दिवस मोजत बसलंय? ते म्हणाले, "मी मोजतोय, बाई. तीस वर्सं खोटा चाललो. एकडाव तरी पुरता खरा चालू द्या."

मला रडू आलं आणि मी त्यांचं ऐकलं. डॉक्टरांना जाऊन लक्षणं सांगितली, औषध आणलं. ते गुणाबाई मेथीच्या जुड्यांखाली लपवून त्यांच्या घरी न्यायची आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची, म्हाताऱ्याला भाजी लय लागती. डॉक्टर बजावत होते, की न तपासता औषध देणं बरं नाही, छाती बघायला हवी. मी रोज तात्यांना विचारायची आणि ते रोज बोटांवर राहिलेले दिवस दाखवायचे.

सोळाव्या दिवशी सकाळी शाळेला जाताना मी त्यांच्या गल्लीत शिरले होते. तात्या भिंतीला धरत धरत बाहेर ओट्यावर आले, उपरणं बाजूला ठेवलं आणि खोकले. केवढ्यांदा खोकले! आठ दिवसांचा साठवलेला खोकला. गल्लीतली दारं उघडली, माणसं बाहेर आली. तात्यांनी सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं आणि मला म्हणाले, "बाई, आता डॉक्टरला म्होरच्या दारानं आणा."

डॉक्टर धावत आले. दोन्ही फुप्फुसं धरली होती. त्यानंतर तात्या सहा दिवस होते. वस्तीतल्या बाया पाळीपाळीनं उशाशी बसल्या, आणि मला त्यांनी शेवटी इतिहासाचं ते एकच पान दुरुस्त करून घ्यायला लावलं. धोंडा कुणी हलवला, ते नावानिशी लिहून घेतलं आणि खाली सही केली. कागदांची ती थप्पी आज माझ्याकडं आहे.

नळ चैत्रात आला. मी बघायला गेले होते. वस्तीत हळदीकुंकू, गुलाल, पोरांचा धुडगूस, आणि मी मात्र एका कडेला उभी. माझ्या मनातून जात नव्हतं, की आठव्याच दिवशी मी हट्टानं डॉक्टरला पुढच्या दारानं आणलं असतं तर म्हातारा वाचला असता. गुणाबाईला मी हे बोलून दाखवलं. तिनं आधी घागर नळाखाली सरकवली. मग म्हणाली, "व्हय, वाचला असता. पर बाई, त्येनं तुमाला कवाच माफ केलं नसतं." माझं समाधान करायला ती एक अक्षर जास्त बोलली नाही. तिची नवी घागर भरून वाहायला लागली होती. नळापासून तिचं दार चार पावलांवर, तरी तिनं चुंबळ केली, घागर डोक्यावर घेतली आणि घरात गेली.